मालिकांची सोयरीक

वाचकहो, लग्नाच्या मांडवात दोन अनोळखी माणसं शेजारी बसली की काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. "पाव्हणं कुठलं?" इथून सुरुवात होते. गाव कळलं की आडनाव, आडनाव कळलं की आजोळ, आणि पंगतीत पहिला वाढा होईपर्यंत एकाच्या मावससासूची धाकटी बहीण दुसऱ्याच्या चुलत्याच्या घरात दिलेली निघते. मग दोघंही समाधानानं जेवतात. आता तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? नवल एवढंच, की तिकडे अमेरिकेत शिकलीसवरलेली माणसं हाच उद्योग टेलिव्हिजनच्या मालिकांबाबत करतात आणि वर्षानुवर्षं करतात.

हे मला आमच्या भाचीनं सांगितलं. ती पुण्याला नोकरी करते. सुट्टीला आली की आमच्याबरोबर शेंगा फोडायला बसते, आणि हात चालतात त्याच्या दुप्पट तोंड चालतं. आपल्याकडे २०१२ साली 'सी.आय.डी.'तले एसीपी प्रद्युम्न 'अदालत' मालिकेत वकील के. डी. पाठकांच्या समोर उभे राहिले होते, ते तुमच्यापैकी कितीजणांना आठवत असेल. दोन मालिकांची माणसं एकमेकांना भेटली म्हणजे दोन्ही मालिका एकाच जगातल्या झाल्या, हे उघड आहे. या एवढ्याशा गोष्टीवरून तिकडच्या लोकांनी केवढा डोंगर उभा केला आहे ते ऐका.

'सेंट एल्सव्हेअर' नावाची एक मालिका होती. १९८२ ते १९८८ अशी सहा वर्षं ती चालली. बोस्टन शहरातलं सेंट एलिजिअस नावाचं एक जुनाट, पैशानं गांजलेलं इस्पितळ आणि तिथले डॉक्टर, परिचारिका, रोगी यांची ती कहाणी. इस्पितळ अर्थातच कल्पनेतलं. त्यात डॉक्टर वेस्टफॉल म्हणून एक वडीलधारे डॉक्टर आहेत. त्यांचा मुलगा टॉमी. हा टॉमी स्वमग्न आहे. म्हणजे तो आपल्याच नादात असतो, बोलत नाही, हाकेला ओ देत नाही.

मालिकेचा शेवटचा भाग २५ मे १९८८ रोजी दाखवला. इस्पितळावर बर्फ पडत असतो. आणि एकाएकी दृश्य बदलतं. एक साधंसं घर दिसतं. जे डॉक्टर वेस्टफॉल म्हणून आपण सहा वर्षं पाहिले, ते डोक्यावर टोपी घालून बांधकामावरच्या मजुरासारखे कामावरून घरी येतात. इस्पितळातले म्हातारे डॉक्टर ऑशलँडर इथं त्यांचे वडील म्हणून बसलेले असतात. टॉमी जमिनीवर बसून हातातल्या काचेच्या गोळ्याकडे टक लावून बघतो आहे. हलवला की आत बर्फ उडतं, तसला गोळा. जत्रेत मिळतो, तुम्ही पाहिला असेल. बाप आपल्या बापाला म्हणतो, हे पोर दिवसभर असं बसतं, मी बोलतो ते त्याला ऐकू तरी जातं का, याच्या मनात काय चाललेलं असतं ते कळत नाही. मग तो मुलाला हात धुवायला चल म्हणतो आणि गोळा टेलिव्हिजनच्या पेटीवर ठेवून देतो. त्या गोळ्याच्या आत ते इस्पितळ असतं.

म्हणजे ते डॉक्टर, ते रोगी, सहा वर्षांची सुखदुःखं, सगळं त्या मुलाच्या मनातलं! आपली यशोदा कृष्णानं माती खाल्ली म्हणून तोंड उघडून बघते आणि तिला आत ब्रह्मांड दिसतं, तशातलाच प्रकार. पण यशोदेनं पुढं त्याचा हिशेब मांडला नाही. इथं लोकांनी मांडला.

हिशेब असा. इस्पितळातले डॉक्टर १९८५ च्या एका भागात 'चीअर्स' या दुसऱ्या मालिकेतल्या बारमध्ये जाऊन बसले होते. (बार म्हणजे आपल्याकडचा गुत्ता नव्हे, गावच्या पारावर रोज तीच चार माणसं जमतात, तशी ती जागा.) डॉक्टर जर टॉमीच्या मनातले, तर त्यांना ग्लास भरून देणाराही टॉमीच्याच मनातला. 'चीअर्स'मधून १९९३ साली 'फ्रेझर' नावाची मालिका निघाली, तीही आली. पुढं १९९८ मध्ये या इस्पितळातली डॉक्टर रोक्सान टर्नर 'होमिसाइड' या बाल्टिमोरच्या पोलिसांच्या मालिकेत दिसली. झालं! बाल्टिमोरचं पोलिसखातं टॉमीच्या गोळ्यात गेलं.

त्या पोलिसखात्यात जॉन मंच नावाचा एक हाडकुळा, तिरकस बोलणारा डिटेक्टिव्ह होता. रिचर्ड बेल्झर नावाच्या नटानं तो १९९३ पासून रंगवला. हा मंच म्हणजे बारा गावचं पाणी प्यालेला. 'लॉ अँड ऑर्डर'मध्ये गेला, १९९७ ला 'एक्स-फाइल्स'मध्ये गेला, २००६ ला 'अरेस्टेड डेव्हलपमेंट'मध्ये, २००८ ला 'द वायर'मध्ये दिसला, आणि 'स्पेशल व्हिक्टिम्स युनिट' या मालिकेत तर १९९९ पासून २०१३ पर्यंत कायमचा नोकरीला होता. त्याच्या पायाला लागून या सगळ्या मालिका गोळ्यात गेल्या, आणि त्यांच्या सोयऱ्याधायऱ्या मालिकाही गेल्या. हौशी लोकांच्या याद्या चारशेच्या वर गेल्या आहेत म्हणे. बेल्झर २०२३ साली वारला.

आता यात खरं काय घडलं असेल ते तुम्हाआम्हाला सहज कळतं. 'सेंट एल्सव्हेअर', 'चीअर्स', 'होमिसाइड', 'लॉ अँड ऑर्डर' या सगळ्या एकाच वाहिनीवरच्या. एकाच धन्याच्या दोन वावरांत बैलजोडी एकच फिरते, तसं. शिवाय टॉम फोन्टाना हा लेखक आधी इस्पितळाच्या मालिकेत होता, मग पोलिसांच्या. जुन्या घरचं माणूस नव्या घरी पाहुणं म्हणून बोलवावंसं वाटलं, त्यानं बोलावलं. मंच मात्र परक्यांच्या वाहिनीवरही गेला, ती त्या नटाची पुण्याई.

ड्वेन मॅकडफी नावाच्या एका लेखकानं २००२ मध्ये हा सगळा हिशेब थट्टेनं लिहिला. त्याचं म्हणणं, एका गोष्टीचा दुसरीशी मेळ घालण्याचा फार हट्ट धरला की असं हसं होतं. पण थट्टा लोकांनी मनावर घेतली. मग ब्रायन वेदरसन या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकानं त्यातली गोम दाखवली. तो म्हणतो, स्वप्नात खरी गोष्टही येते. टॉमीच्या मनातलं इस्पितळ बोस्टनमध्ये आहे, म्हणून काही खरं बोस्टन स्वप्नातलं ठरत नाही. मग 'चीअर्स' का ठरावं?

मला हे चटकन पटलं. सोयरीक जुळली म्हणून सोयऱ्याचं कर्ज आपल्या सातबाऱ्यावर चढत नाही. आणि दोन कथांतून एक माणूस फिरणं आपल्याला काय नवं आहे? रामायणातला मारुती महाभारतात भीमाच्या वाटेत शेपूट टाकून बसतोच. जांबवान कृष्णाशी झुंजतो, परशुराम इथंही येतो आणि तिथंही. कीर्तनाला बसलेल्या एकाही म्हातारीनं यावरून एक कथा दुसरीच्या पोटात घातलेली मी ऐकली नाही.

भाचीला मी हे सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, "मामी, तुम्ही त्या लोकांशी भांडायला हव्या होता." पण माझं मन केव्हाच त्या चारशे मालिकांवरून उडालं होतं.

त्याचं कारण आमच्याच घरात आहे. माझ्या धाकट्या जावेचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी डॉक्टरांनी तपासून स्वमग्नता आहे असं सांगितलं, त्याला चार वर्षं झाली. तो बोलत नाही. डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरवतो आणि ते थांबेपर्यंत बघतो, मग पुन्हा फिरवतो. गावात कुणी त्याला खुळा म्हणतं, कुणी देवऋष्याचं नाव सुचवतं. सल्ला द्यायला पैसे पडत नाहीत. या वर्षी जिल्ह्याच्या गावी अशा मुलांच्या शाळेत त्याला घालावं, जावेनं तिथं खोली घेऊन राहावं, असा विचार निघाला आहे. माझे दीर काही बोलत नाहीत. एकदा एवढंच म्हणाले, "वहिनी, त्याला आमची आठवण येईल का, हेच मला माहीत नाही. कशावरून ठरवू?"

मालिकेतला बाप जे विचारतो, तेच हे. फक्त आमच्याकडे टेलिव्हिजनवर ठेवायला काचेचा गोळा नाही.

म्हणून त्या याद्या करणाऱ्यांचं मला एक आवडलं आणि एक आवडलं नाही. आवडलं ते हे, की न बोलणाऱ्या पोराच्या मनात अख्खं गाव नांदत असेल असं त्यांनी मानलं तरी. आवडलं नाही ते हे, की बापाच्या प्रश्नावर कुणी थांबलं नाही, सगळे मोजणीला लागले. आणि अशा मुलाच्या डोक्यात काहीतरी अचाटच असलं पाहिजे, हाही हट्ट मला नको वाटतो. नसलं अचाट, तर काय पोर कमी होतं?

आमचं पोर काय करतं ते सांगते. वडील उसाला पाणी देत असले की ते बांधावर जाऊन बसतं. सरीतून पाणी पुढं सरकतं ते बघत राहतं. सरी शेवटापर्यंत भरली की मांडीवर दोनदा थाप मारतं. माझे दीर वरच्या अंगाला दारं धरून उभे असतात. तिथून शेवट दिसत नाही. थाप ऐकली की ते फावडं घालून पाणी दुसऱ्या सरीत वळवतात. हे त्याला कुणी शिकवलं नाही. दिरांनी हे घरात कधी सांगितलंही नव्हतं. या उन्हाळ्यात मी न्याहारी घेऊन गेले तेव्हा पाहिलं आणि विचारलं. ते म्हणाले, "दोन वर्षं झाली. चुकत नाही."

शाळेचं अजून ठरलेलं नाही. डॉक्टरांना ही मांडीवरच्या थापेची गोष्ट सांगायची, एवढं मात्र मी जावेकडून कबूल करून घेतलं आहे.

भाचीनं मोबाईलवर तो शेवटचा प्रसंग आम्हाला दाखवला. भाषा कळत नव्हती; ती थांबवून थांबवून सांगत होती. जाऊ आधी लांबूनच बघत होती, मग हातातलं सूप खाली ठेवून जवळ आली. बाप पोराला हात धुवायला नेतो ते पाहिलं आणि तिनं विचारलं, "ह्याची आई कुठं आहे गं?"

भाचीनं सांगितलं, की मालिकेत डॉक्टरांची बायको आधीच वारलेली असते. या शेवटच्या घरात ती दिसत नाही.

"मग त्या इस्पितळात पोरानं तिला का नाही ठेवली?" जाऊ म्हणाली. भाची मोबाईल हातात धरून तशीच बसली. मग जाऊच उठली, आणि झाकण फिरवत बसलेल्या लेकाला म्हणाली, "चल रे, हात धुऊन घे."