लाएतोलीची पदपंक्ति

टांझानियांतील लाएतोली येथें जाणाऱ्या प्रवाशास आज माळावर दगडांची एक रास तेवढी दिसावयाची. १९७८ सालीं मेरी लीकी यांच्या पथकास सांपडलेली पदपंक्ति झाडांच्या मुळांनीं भंगूं नये म्हणून १९९६ सालीं त्या राशीखालीं पुन्हां झांकण्यांत आली. सुमारें ३६ लक्ष वर्षांपूर्वीं ज्वालामुखीच्या ओल्या राखेवरून कांहीं मानवसदृश जीव दोन पायांवर चालत गेले. प्रथम टांच टेकलेली. अंगठाहि, वानरांप्रमाणें बाजूस न वळतां, इतर बोटांच्या ओळींत. मेंदू मात्र, अशा जीवांच्या कवट्यांवरून पाहतां, चिंपांझीहून फारसा मोठा नव्हता! बुद्धि वाढली म्हणून मनुष्य उभा राहिला, ही समजूत येथें मावळते. विद्येचा अभिमान वाहणाऱ्या आम्हां लोकांनीं हा क्रम ध्यानीं ठेवावा, हें उचित होय.