माँट्रियलच्या बर्फावर

टोरांटोहून माँट्रियलला जाणारी गाडी साधारण पाच तास घेते. उजव्या हाताला मधूनच ओंटारिओ सरोवर दिसतं, नंतर सपाट शेतं. माँट्रियलला उतरलो आणि पाट्यांपासून घोषणांपर्यंत सगळीकडे फ्रेंच सुरू झालं. इथली मेट्रो रबरी टायरांवर धावते. स्टेशनातून बेल सेंटर या क्रीडागृहाकडे निघालेली गर्दी बघून बरोबरच्या भाचीला म्हटलं, ‘‘चल, यांच्याच मागून जाऊ.’’

2020 सालची जागतिक फिगर स्केटिंग स्पर्धा याच शहरात व्हायची होती. करोनामुळे ती रद्द झाली आणि मार्च 2024 मध्ये माँट्रियलला पुन्हा संधी मिळाली. तीच स्पर्धा बघायला आम्ही आलो होतो.

टीव्हीवर हा खेळ मी वर्षानुवर्षं पाहत आले. पण कॅमेरा खेळाडूबरोबर सरकत राहतो, त्यामुळे वेग कळतच नाही. तो प्रेक्षागृहातच कळतो. खेळाडू कठड्याजवळून वळला की पात्याच्या कडेखालून बर्फाचा बारीक चुरा उडतो आणि खोबरं खवताना येतो तसा खरखर आवाज येतो. चांगल्या खेळाडूचा मात्र हा आवाज जवळजवळ येतच नाही. जपानची काओरी साकामोतो अशीच. शॉर्ट प्रोग्रॅमनंतर, म्हणजे पहिल्या छोट्या फेरीनंतर, ती चौथी होती. फ्री स्केटमध्ये, म्हणजे दुसऱ्या मोठ्या फेरीत, दोन-चार ढांगांतच तिनं असा वेग घेतला, की उडीआधी तो कमी करावा लागतो हेच जणू तिला ठाऊक नव्हतं. हवेत चार गिरक्या घेणारी एकही चौपट उडी न मारता ती 222.96 गुणांनी जिंकली. सलग तीन जागतिक सुवर्णपदकं! महिलांमध्ये असं याआधी 1968 साली अमेरिकेच्या पेगी फ्लेमिंगनं केलं होतं. अमेरिकेची इझाबो लेव्हिटो दुसरी, कोरियाची किम चे-यॉन तिसरी.

पण बेल सेंटर खऱ्या अर्थानं दणाणलं ते जोड्यांच्या स्पर्धेत. मॅक्सिम देशाँ इथलाच, क्वेबेकचा. त्याची जोडीदार डियाना स्टेलाटो-डुडेक 40 वर्षांची. 2000 साली एकेरीत ज्युनिअर जागतिक रौप्य मिळवलेली ही मुलगी दुखापतींमुळे खेळ सोडून नोकरीला लागली आणि तब्बल 16 वर्षांनी बर्फावर परतली, तीही एकेरीत नव्हे, जोडीत. त्यानं डोक्यावर उचलली की ती ज्या विश्वासानं हात पसरते, ते बघताना माझा श्वास अडकत होता. जपानच्या मिउरा-किहारा जोडीला चार गुणांहूनही कमी फरकानं मागं टाकून त्यांनी सुवर्ण घेतलं. जागतिक विजेतेपद मिळवणारी ती सर्वांत मोठ्या वयाची महिला ठरली. भाचीच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही.

आइस डान्समध्ये अमेरिकेच्या चॉक-बेट्स यांनी विजेतेपद राखलं. यजमानांचे गिलेस-पुआरिए दुसरे.

पुरुषांत 19 वर्षांच्या इलिया मालिनिननं एकाच कार्यक्रमात सहा चौपट उड्या मारल्या. त्यात साडेचार गिरक्यांची ॲक्सेल ही उडीही होती. फ्री स्केटचे 227.79 गुण म्हणजे तेव्हाचा जागतिक विक्रम. ती उडी इतकी उंच, की खाली येईपर्यंत प्रेक्षक गप्प आणि मग एकदम गदारोळ. जपानच्या युमा कागियामाला रौप्य मिळालं.

मला मात्र सर्वांत भावला फ्रान्सचा ॲडम सियाव हिम फा. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये तो 19वा होता, म्हणून फ्री स्केटला पहिल्याच गटात उतरला. त्यानं उड्या तर साधल्याच, वर तेव्हाच्या नियमात न बसणारी उलटी कोलांटीही मारली. दोन गुण कापले गेले. मग बाकीचे एकेक करून येत राहिले आणि त्याची आघाडी काही हटेना! शेवटी कांस्यपदक त्याचंच. त्याच वर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय महासंघानं कोलांटीवरची बंदी उठवली. हे फार आधी व्हायला हवं होतं, असं माझं ठाम मत आहे.

ही स्पर्धा साधारणपणे दर मार्चमध्ये होते, देश बदलत राहतो. परदेशातल्या मुलाबाळांकडे जाणं त्या सुमारास जमत असेल, तर तिकीट जरूर काढा. आणि नावाजलेले खेळाडू शेवटी येतात म्हणून उशिरा जाऊ नका. पहिल्या गटापासून बसा.