पॅरिसची मेट्रो आणि एक जुना प्रश्न

फ्रेंच भाषेचे संधिनियम आम्हीं घरीं पुस्तकावरून पाठ केले होते; परंतु ते नीट उमगले पॅरिस शहरीं, मेट्रोच्या चौथ्या मार्गावर. तेथें स्थानकांच्या पाट्या म्हणजेच व्याकरण.

आम्ही बसलों तें 'गार द्यु नोर', अर्थात् उत्तर-स्थानक. 'द' हा षष्ठ्यर्थक शब्द आणि 'ल' हें पुल्लिंगी उपपद एकत्र आलीं कीं त्यांचा 'द्यु' झालाच पाहिजे. पुढचें स्थानक 'गार द लेस्त', म्हणजे पूर्व-स्थानक. 'एस्त' हा शब्दहि पुल्लिंगीच. पण तो स्वरादि असल्यामुळें उपपदाचा स्वर आधींच लोपतो व 'द्यु' होण्यास अवकाश उरत नाहीं. लोपाच्या जागीं आपल्या अवग्रहासारखें एक चिन्ह वर लटकतें. तें पाहून आम्हांस माहेरचें माणूस भेटल्यासारखें वाटलें.

आमचें उतरण्याचें स्थानक 'ले आल'. अनेकवचनी 'ले' पुढें स्वर आला कीं मध्यें झऱ्यांतला 'झ' उमटतो, आणि फ्रेंचांत हकार तर मुकाच. म्हणून 'लेझोतेल' या चालीवर आम्ही ऐटींत 'लेझाल' म्हणालों. शेजारच्या वृद्ध बाईंनीं हंसून सुधारलें, "ले आल, मस्य."

हा अपवाद कां? 'ओतेल' शब्द लॅटिनांतून आला; त्याचा हकार फ्रेंचांत कधीं ऐकूंच आला नाहीं. 'आल' मात्र जर्मन कुळांतील फ्रँक लोकांच्या भाषेचा. त्याचा हकार शतकानुशतकें स्पष्ट उच्चारीत. पुढें तोहि मुका झाला, पण संधीस आडवा येण्याचा त्याचा हक्क कायम राहिला. वर येऊन पाहतों तों त्या स्थळाचीहि तीच कथा! 'आल' म्हणजे बाजाराची मंडई. येथील जुनी मंडई १९६९ सालीं शहराबाहेर रंजिस येथें गेली. नांव मात्र अजून येथेंच.

तेथें एका बांकावर आम्हांस आमचा एक विद्यार्थी आठवला. 'कवी इमौ' येथें दीर्घ संधि कां नाहीं, असें त्यानें विचारिलें होतें. "प्रगृह्य आहे. पाठ कर," असें आम्हीं सांगितलें, आणि त्यानें पुन्हां "पण कां?" म्हणतांच तास संपेपर्यंत त्यास उभें केलें. "आपण मिळून शोधूं," इतकें तरी म्हणावयास हवें होतें. नियम सांगण्यांत आम्ही कधीं चुकलों नाहीं. चुकलों तें तेथें.