श्वासाला जागा

परवा नातवाने कॉम्प्युटरवर मोझार्ट लावून दिला. ‘जनानखान्यातून सुटका’ असं नाव होईल अशा त्याच्या विनोदी संगीतिकेचं ओव्हर्चर, म्हणजे पडदा उघडण्याआधीची धून. आपल्याकडे नांदी असते ना, त्या जागी. पण ही बांधणी नुसत्या फुंकून वाजवायच्या वाद्यांची होती.

ही संगीतिका १६ जुलै १७८२ ला व्हिएन्नात रंगमंचावर आली. चारच दिवसांनी मोझार्ट वडिलांना पत्रात सांगतो, की हे सगळं फुंकवाद्यांसाठी घाईने बसवायचंय, नाहीतर दुसराच कोणी बसवून पैसे घेऊन जाईल! (कॉपीराइट नव्हता तेव्हा.) सम्राट दुसऱ्या जोसेफने त्याच वर्षी असा आठ जणांचा ताफा पदरी ठेवला होता: ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न, बसून, प्रत्येकी दोन. मी ऐकलेली बांधणी त्याच ताफ्यातल्या योहान वेंट या ओबोवादकाची. म्हणजे ‘दुसरा कोणी’ होताच की.

मूळ धुनेत तुर्की थाटाचा ढोल, झांजा, ट्रँगल. इथे त्यातलं काहीच नाही. व्हायोलिनची धावपळ क्लॅरिनेटच्या गळ्यात. फुंकवाद्यांना शोभेल आणि मूळची मजाही उणावणार नाही असं करणं फार कठीण, असं मोझार्टने त्याच पत्रात लिहिलंय. व्हायोलिनचा गज थांबत नाही हो, माणसाला श्वास घ्यावा लागतो.

इथे मला १९८४ चं स्नेहसंमेलन आठवलं. शाळेच्या बासरी-पथकासाठी मी एक नांदी बसवली होती. बसवली पेटीवर. भाता हलता ठेवला की पेटीचा सूर तुटत नाही, आणि मीही कुठे तोडला नाही. सातवीतला एक मुलगा तिसऱ्या ओळीत दर वेळी थांबे. ‘सराव कमी पडतो तुझा,’ म्हणून मी त्याला सगळ्यांदेखत रागावलो. संमेलनाच्या दिवशी तो थांबला नाही. ओळ पूर्ण केली आणि चक्कर येऊन खालीच बसला. पाणी दिलं, वारा घातला, ठीक झाला. मी मात्र त्याच्या आईला सांगितलं, की सकाळपासून उपाशी असेल.

काल जुनी वही काढली. तिसऱ्या ओळीत चोवीस मात्रा सलग आहेत. पेन्सिलीने दोन ठिकाणी स्वल्पविराम घातले. ते आधीच घालायला हवे होते.