आजोळचा संघ

एडिसन, न्यू जर्सी
१२ डिसेंबर २०२५

प्रिय बाळ,


परवा फोनवर मी विषय बदलला, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. पोरगी शेजारी बसून सगळं ऐकत होती. ७ फेब्रुवारीला वानखेडेवर भारत आणि अमेरिका समोरासमोर येणार, मामा-भाची मिळून सामना बघणार, इथवर सगळं छान ठरलं, आणि मग तू विचारलंस, "पण ती ओरडणार कोणाच्या बाजूने, ते आधी सांग." हसत विचारलंस खरं. पण तुझा आवाज मी तू रांगत होतास तेव्हापासून ऐकते आहे. त्या हसण्यात थोडी तक्रार होती, आणि ती तिलाही कळली. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "मामाला आवडणार नसेल तर मी गप्प बसेन." ते मला लागलं, म्हणून हे पत्र.

हा प्रश्न तुझ्या एकट्याचा नाही. १९९० साली इंग्लंडच्या हुजूर पक्षाचे नॉर्मन टेबिट यांनी एका अमेरिकन वर्तमानपत्राशी बोलताना तो जाहीरपणे विचारला होता. ब्रिटनमधले बरेच आशियाई लोक क्रिकेटच्या परीक्षेत उतरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. सामना सुरू झाला की हे कोणाला टाळ्या देतात ते बघा, म्हणजे मन कुठे आहे ते समजेल. टेबिट यंदाच्या जुलैत गेले, पण 'टेबिट टेस्ट' हे नाव मागे राहिलं. आपल्या घरी तेव्हा केवढा संताप झाला होता! बाबा म्हणाले होते, "रात्रपाळीला गिरणीत माणसं हवीत, बस चालवायला हवीत, आणि टाळ्या कुठे वाजवायच्या तेही हेच सांगणार?" त्याच उन्हाळ्यात लॉर्ड्सवर गूचने ३३३ काढले, आणि फॉलोऑन टाळायला २४ धावा हव्या असताना, समोर शेवटचा गडी हिरवानी, कपिलने हेमिंग्जला लागोपाठ चार षटकार मारले. तू चाळभर नाचलास. त्या षटकारांवर लॉर्ड्समध्ये नाचणाऱ्यांत ब्रिटिश पासपोर्ट खिशात असलेले आपले कितीतरी लोक होते, आणि त्यांनी भारतासाठी नाचावं यात तुला काही वावगं वाटलं नाही. उलट अभिमान वाटला.

त्याच्याही मागे जाऊ. १९७१ तर आपल्या घरात स्तोत्रासारखं पाठ होतं. गावसकरांची पहिलीच मालिका, चार कसोटी, ७७४ धावा, शेवटच्या सामन्यात दाढ ठणकत असताना १२४ आणि २२०. बाबा नेहमी सांगायचे की पोर्ट ऑफ स्पेनला खेळताना आपल्या संघाला परकं वाटतच नसे, इतके लोक आपल्या बाजूचे. कोण होते ते लोक? १८४५ साली 'फतेल रझाक' नावाचं जहाज कलकत्त्याहून पहिले गिरमिटिये घेऊन त्रिनिदादला लागलं. त्यांच्यामागून आलेल्या हजारोंची ही पतवंडं. ऊस तोडायला नेलेल्या माणसांची तिसरी-चौथी पिढी. भारत त्यांनी पाहिलेला नव्हता. घरात भोजपुरी शब्द उरले होते, अंगणात झेंडी उरली होती, आणि मैदानावर अजित वाडेकरांचा संघ उतरला तेव्हा त्यांना आपलं कोणी आल्यासारखं झालं. शेजारच्या आफ्रिकी वंशाच्या त्रिनिदादकरांना ते खुपायचं. ज्या बेटावर जन्मलात, ज्या बेटाचं खाता, त्याच्या संघाविरुद्ध टाळ्या? आणि त्याच बेटाचा लॉर्ड रिलेटर गावसकरांवर कॅलिप्सो रचून गातो, हेही तितकंच खरं.

आता तूच सांग. त्रिनिदादचा मुलगा शंभर-सव्वाशे वर्षांनी भारतासाठी ओरडला तर तो आपल्याला इमानी वाटतो, आणि एडिसनमध्ये जन्मलेली तुझी भाची अमेरिकेसाठी ओरडली तर तुला काहीतरी निसटल्यासारखं वाटतं. दोन्हीकडे माप एकच लावलंस तर त्यातलं एक काहीतरी चुकीचं ठरेल. मला वाटतं, मापच टाकून द्यावं.

गेल्या वर्षी १२ जूनला लाँग आयलंडवर आम्ही दोघी होतो, ते तुला तेव्हा सविस्तर सांगायचं राहिलं. आयझेनहॉवर पार्कात विश्वचषकापुरतं उभं केलेलं स्टेडियम, चौतीस हजारांचं. मैदानभर भारताचे निळे शर्ट. अर्शदीपने अमेरिकेचे चार बळी घेतले आणि ११० वर त्यांचा डाव संपला. मग आपली फलंदाजी. सौरभ नेत्रावळकरचा चेंडू, कोहली पहिल्याच चेंडूवर झेलबाद. एवढ्या गर्दीत क्षणभर कोणाला काय करावं ते सुचेना. लोक तिकिटांना पैसे मोजून आले होते ते कोहलीसाठी. आणि त्याला बाद करणारा मुलगा आपला, मालाड-अंधेरीच्या मैदानांवर वाढलेल्या मुलांसारखाच. माझ्या शेजारचे एक काका दोन्ही हात डोक्याला लावून बसले होते आणि तोंडाने म्हणत होते, "काय टाकला रे!" त्याच्याच पुढच्या षटकात रोहितही गेला. गोलंदाज नेत्रावळकर, झेल टिपणारा हरमीत सिंग. फलंदाज, गोलंदाज, झेल घेणारा, तिघेही मुंबईचं क्रिकेट खेळून मोठे झालेले. नंतर सूर्यकुमारने अर्धशतक करून सामना जिंकून दिला, आणि तो तर नेत्रावळकरबरोबर वयोगटाच्या संघांत खेळलेला. माझी लेक उठून ओरडत होती, दोन्ही वेळा. बळी पडला तेव्हा आणि भारत जिंकला तेव्हाही. तिला मी विचारलं नाही, की तू नक्की कुठली. तिच्या चेहऱ्यावर कुठलाही पेच नव्हता. पेच आपल्या पिढीच्या डोक्यात असतो.

नेत्रावळकरची गोष्ट मी मुद्दाम लिहिते, कारण तुझ्या बोलण्यात एक शब्द आला होता, "तिकडून खेळायला लागला." जणू त्याने पाठ फिरवली. २०१० साली १९ वर्षांखालच्या विश्वचषकात तो भारताकडून खेळला, के. एल. राहुल आणि उनाडकट त्याच संघात. मुंबईसाठी रणजीही खेळला. पण मुंबईच्या संघाच्या दाराशी केवढी रांग असते ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. शिवाजी पार्कवर तूही त्या रांगेतून मागे फिरलास. तो अभियंता होता, २०१५ मध्ये कॉर्नेलला शिकायला आला, नोकरीला लागला, आणि क्रिकेट सुटल्याचं दुःख गिळून सुटीच्या दिवशी कुठल्यातरी मैदानावर खेळत राहिला. तीन वर्षांच्या वास्तव्याचा नियम पुरा करून इथल्या संघात आला. मग डॅलसला ६ जून २०२४ ला अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवलं, ती ओव्हर त्याने टाकली. अठरा धावा राखायच्या होत्या, तेरा दिल्या. त्या रात्री तूच मला पहिला संदेश पाठवला होतास, "आपल्या पोराने जिंकून दिलं." सहा दिवसांनी तोच पोरगा रोहितला बाद करतो, तर तो आपला राहत नाही का?

तू म्हणशील, खेळाडूचं वेगळं, प्रेक्षकाचं वेगळं. खेळाडू पोटासाठी खेळतो. मला नाही पटत. अजाझ पटेल मुंबईत जन्मला, आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेला. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच वानखेडेवर त्याने भारताचे दहाच्या दहा गडी बाद केले. लेकर आणि कुंबळेनंतर तिसराच. त्याचा संघ ६२ धावांत गारद झाला आणि सामनाही हरला, पण स्टेडियम त्याच्यासाठी उभं राहिलं. त्या दिवशी तू तिथे होतास ना! तूही उभा राहिलास, तूच सांगितलंस. तेवढं मोठं मन तू भाचीसाठी राखून ठेव.

या परीक्षेचा खरा त्रास मी पाहिला आहे, म्हणून इतकं लिहिते. जर्मनीत मेसुत ओझिल जन्मला, वाढला, २०१४ चा विश्वचषक त्या देशासाठी जिंकला. २०१० मध्ये बर्लिनला तुर्कस्तानविरुद्ध गोल केला तेव्हा त्याने आनंद दाखवला नाही, तरी स्टेडियममधल्या तुर्की लोकांनी त्याची हुर्यो उडवली. आणि २०१८ मध्ये स्पर्धा हरल्यावर जर्मन त्याच्यावर उलटले. जिंकलो की जर्मन, हरलो की परका, असं म्हणून त्याने तो संघ सोडला. दोन्ही दारं त्याच्या तोंडावर आपटली. २०२१ च्या युरो अंतिम सामन्यात पेनल्टी हुकलेल्या तीन कृष्णवर्णीय मुलांचं इंग्लंडमध्ये काय झालं, तेही आठव. आणि परदेशाकडे बोट दाखवून मी थांबणार नाही. त्याच वर्षी दुबईत पाकिस्तानने भारताला दहा गडी राखून हरवलं, तेव्हा आग्र्याच्या कॉलेजातली तीन काश्मिरी मुलं त्या विजयावर आनंदाचे संदेश टाकल्याच्या आरोपावरून तुरुंगात गेली. मला त्यांचा आनंद पटो न पटो, विशीतल्या पोरांना टाळ्यांपायी कोठडी, हे मी कुठल्याही देशात मान्य करणार नाही. आपल्याकडे मुसलमान मित्रांना सामन्याच्या दिवशी जरा जास्तच मोठ्याने ओरडावं लागतं, हे तू आपल्या गल्लीत पाहिलेलं आहेस. तीच तपासणारी नजर माझ्या लेकीवर मामाची पडू नये.

माझं विचारशील, तर मी भारताच्याच बाजूने. नागरिकत्वाची शपथ घेतली, भारतीय पासपोर्ट परत केला, ओसीआय कार्ड पाकिटात असतं. पण क्रिकेट मी बाबांच्या ट्रान्झिस्टरजवळ शिकले, आणि ते कान आता बदलत नाहीत. तू म्हणालास, हे माहेर-सासर आहे, माहेर विसरायचं नसतं. माझ्यापुरतं ते बरोबर. पण लेकीला ते लावू नकोस. तिचं माहेर हेच गाव आहे, इथली शाळा, इथला बर्फ, इथल्या मैत्रिणी. भारत तिचं आजोळ. आजोळी आपण काय केलं, बाळ? सुटीत गेलो, आंबे खाल्ले, लाड करून घेतले, आणि कोणी आपल्याला विचारलं नाही की तुमचं प्रेम या घरावर जास्त की त्या घरावर. म्हणून तर ते घर अजून स्वप्नात येतं.

ती २ फेब्रुवारीला पोचेल, विमानाची वेळ वेगळी कळवते. तिला नॉर्थ स्टँडमध्येच बसायचं आहे, तिकिटांसाठी आतापासून खटपट कर. अमेरिकेचा शर्ट ती घेऊन येते आहे, आणि तुझ्या कपाटातला तो २०११ चा भारताचा शर्ट मागणार आहे, मापात बसो न बसो. सामन्याआधी एक दिवस तिला पहाटे शिवाजी पार्कला ने, नेट्सवर मुलं सराव करतात ते दाखव. तिथून मागे फिरल्याची तुझी गोष्ट तिला तुझ्याच तोंडून ऐकायची आहे, मी अर्धीच सांगितली आहे. आणि तिला बाहेरचं पाणी देऊ नकोस.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
ताई