वाद्ये ऐकू येतात, वादक दिसत नाहीत : ‘समाधी’ (१९५०) आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न

#थ्रेड

१/
युद्धपट पाहताना नजर नायकावर खिळते. त्याच्या पावलांना ताल देणारा लष्करी बँड मागेच राहतो. तो बँड कोणी घडवला, हे विचारले की चित्रपटाचा इतिहास निराळा दिसू लागतो. सुरुवात ‘समाधी’पासून, शेवट भंडाऱ्यात.

२/
रमेश सैगल दिग्दर्शित ‘समाधी’ हा आझाद हिंद सेनेवरील चित्रपट. नायक शेखर (अशोक कुमार) नेताजींच्या हाकेला ओ देतो. संगीत सी. रामचंद्र यांचे, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांचे. ‘कदम कदम बढाये जा’ हे सेनेचे संचलनगीत या चित्रपटात आहे.

३/
त्या गीताची मूळ चाल कॅप्टन राम सिंह ठाकुरी यांची. धर्मशाळेजवळ जन्मलेला हा गुरखा सैनिक ब्रिटिशांच्या गुरखा पलटणीत होता. मलायाच्या मोहिमेत जपान्यांच्या कैदेत पडला, पुढे आझाद हिंद सेनेत आला आणि तिचा वाद्यवृंद त्याने उभा केला.

४/
मुंबईच्या चित्रपटसंगीतात पाश्चात्त्य वाद्ये वाजवणारे हात बहुतांशी गोव्याचे होते. तेथील चर्चच्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवले जाई. त्या विद्येच्या बळावर कित्येक गोवेकर लष्करी व पोलिसी बँडमध्ये शिरले, पुढे स्टुडिओंत आले. हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे सी. रामचंद्रांचे सहायक होते.

५/
आता पडद्याकडे पाहू. कथेत ब्रिटिशांसाठी हेरगिरी करणाऱ्या दोघी बहिणी आहेत : नलिनी जयवंत आणि कुलदीप कौर. त्यांची नावे लिली आणि डॉली डिसूझा. ज्या समाजाच्या वादकांवर चित्रपटसंगीत उभे होते, त्याचे आडनाव कथेत संशयाच्या जागी आले.

६/
एका दिग्दर्शकाला दोष देऊन हा प्रश्न मिटत नाही. क्लब, नृत्य आणि ख्रिस्ती नाव एकत्र दिसले की प्रेक्षक सावध होतो. पटकथेने त्या सवयीचाच आधार घेतला. आपल्याला खटकले नाही, म्हणून ते चालून गेले.

७/
पडद्यावर कोण दिसावे, याआधीचा प्रश्न सैन्यात कोणाला घ्यावे हा होता. ‘लढवय्या जाती’च्या सिद्धान्तापायी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली. १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये विसर्जित झाली. डॉ. आंबेडकरांनी पाठपुरावा केला. १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली.

८/
‘समाधी’नंतर चार वर्षांनी, १९५४ मध्ये, तेच डॉ. आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. सैन्य, संसद, चित्रपट : तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच. ज्यांच्या श्रमावर हे सारे उभे आहे, त्यांना त्यात स्वतःचा चेहरा सापडतो का?

९/
भंडाऱ्याच्या मुलाने युद्धपट पाहताना आपल्या माणसांचा शोध घेतला, तर त्यात संकुचितपणा नाही. इतिहासाकडे मागितलेला तो रास्त हिशेब आहे. पुढचा युद्धपट पाहाल तेव्हा श्रेयनामावली शेवटपर्यंत वाचा. आणि बँड वाजू लागला की क्षणभर नायकाला विसरून विचारा : हे वाजवते आहे कोण?