उद्यासाठी रांधलेला भात

॥ श्री ॥
दशाश्वमेध, काशी
फाल्गुन वद्य षष्ठी

चि. सौ. बाळीस,


पत्र पोचलं. बोलोन्यातल्या तुझ्या घरमालकीणबाईंनी तांदळाचा केक शिकवला, त्याची कृती तू इतक्या बारकाईने लिहिलीस की वाचतानाच हात शिवशिवले. दोन गोष्टी विचारल्या आहेस. तो इथे काशीत होईल का, आणि अंडी वगळून आपल्या शीतलामाईच्या नैवेद्याला चालेल का. होईल, आणि उत्तम होईल. नैवेद्याला मात्र नको. का ते सविस्तर सांगते.

परवा इथला बसिऔडा, शीतलेला शिळा नैवेद्य दाखवायचा सण. उत्तरेकडच्या पंचांगात चैत्र वद्य अष्टमी, आपल्या पंचांगात फाल्गुन वद्य, दिवस तोच. उद्या रात्री गल्लीतल्या घरोघरी पुऱ्या, गुलगुले आणि गोड भात होईल, मग चुली निजतील. अष्टमीला विस्तव पेटवायचा नाही. पहाटेपासून बायका पितळी ताटं झाकून घाटाशेजारच्या शीतलेच्या देवळाकडे निघतात, आणि देवीला जातं ते सगळं आदल्या दिवशीचं, गार. आपली शिळासप्तमी श्रावणात येते, तेव्हा गंगा चढलेली असते आणि हेच देऊळ कधीकधी पाण्यात असतं. आपल्या घरात दोन्ही पाळतात. वर्षातून दोनदा भात उद्यासाठी रांधायचा, असा हा रिवाज.

म्हणूनच तुझ्या कृतीतल्या एका ओळीशी मी थांबले: केक आज भाजायचा, कापायचा उद्या. पेल्लेग्रिनो आर्तुझी यांनी १८९१ साली फ्लॉरेन्समध्ये स्वखर्चाने छापलेल्या स्वयंपाकाच्या पुस्तकातही हेच आहे. दुसऱ्या दिवशी तिरप्या वड्या पाडा आणि पिठीसाखर अगदी वाढायच्या वेळी भुरभुरा, असं ते सांगतात. हे नुसतं सोयीसाठी नाही. गरम भातातली खळ सैल असते, सुरी घातली की गोळा होतो. भात निवू लागला की तीच खळ पुन्हा घट्ट बसते, दूध आणि अंडं जागच्या जागी धरून ठेवते, आणि वडी स्वच्छ सुटते. बदाम आणि लिंबाच्या सालीचा वासही रात्रभरात आत मुरतो. ताजं तेच चांगलं असं आपण सारखं म्हणतो, पण तांदळाच्या कितीतरी पदार्थांना रात्र लागते. ती कमी करू नकोस. पाहुणे दारात येऊन थांबले तरी नाही.

आता तांदूळ. बासमती अजिबात नको. त्याचा दाणा मोकळा राहतो म्हणून आपण त्याला एवढा भाव देतो, आणि इथे नेमका तोच गुण आड येतो. तिकडे इटलीत पो नदीच्या खोऱ्यात, व्हेर्चेल्ली आणि नोवारा भागात जाड, बुटका दाणा पिकतो. त्यातल्या आर्बोरिओ जातीचं नाव तर तिथल्या एका गावाचंच आहे. मिलानचे ड्यूक गालेआत्सो मारिया स्फोर्त्सा यांनी १४७५ मध्ये फेर्राराच्या ड्यूकला बियाण्यासाठी बारा पोती भात देऊ केल्याचं पत्र प्रसिद्ध आहे. म्हणजे तांदूळ त्या मातीत तेव्हा नवाच होता. पूर्वेकडून गेलेल्या धान्याला त्यांनी आपल्या दुधाशी, आपल्या सणाशी इतकं जोडून घेतलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

इथे मी आदमचीनी घेते. चंदौली, मिर्झापूर, सोनभद्र या पट्ट्यातला तांदूळ, छोटा दाणा, शिजताना घर दरवळतं. २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आर्बोरिओइतका तो दाटत नाही, म्हणून आणखी थोडा वेळ मंद आचेवर ठेवते आणि निम्मा भात डावाच्या पाठीने दाबून मोडते. धुवायचा मात्र एकदाच, हलक्या हाताने. खळ वाहून गेली तर केक बांधणार कशाने? त्याला स्वतःचा सुगंध असल्यामुळे लिंबाची साल थोडी कमी घालते. व्हॅनिला तर नकोच. पुण्याला असलीस तर आंबेमोहोर घे.

आर्तुझींचं प्रमाण असं: एक लिटर दूध, २०० ग्रॅम तांदूळ, १५० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम बदाम, तीन अख्खी अंडी आणि वर पाच पिवळे बलक. आपल्या दूधवाल्याचं म्हशीचं दूध लवकर आटतं, त्यामुळे मी पेलाभर जास्त धरते. साखर तांदूळ मऊ झाल्यावरच. आधी पडली तर दाणा कडक राहतो आणि मग कितीही शिजवला तरी कणी दाताखाली येते. बदाम भिजवून, सोलून, चमचाभर साखरेबरोबर खलबत्त्यात कुटायचे. मिक्सरमध्ये त्यांना तेल सुटतं. त्या बदामांत ते चार कडूही धरतात. कडू बदामात विषारी अंश असतो, ते इथे शोधत बसू नकोस आणि त्यांच्या वासाचा बाटलीतला अर्कही नको. भात पूर्ण निवल्यावरच अंडी घालायची, नाहीतर ती तिथेच शिजून गुठळ्या होतात.

राहिली केकमधली पाकवलेली साल. तुझ्या घरमालकीणबाई वापरतात ते फळ म्हणजे आपलं महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे तेच. तुझ्या आजीने लहानपणी तुला देवळात दाखवलं होतं, आठवत असेल. देवीच्या हातातलं फळ इतक्या दूरच्या केकमध्ये आहे हे वाचून मला खरोखर आनंद झाला. त्याचा गर थोडा, साल बोटभर जाड, आणि तीच मोलाची. पाकात हळूहळू मुरवली की काचेसारखी होते. बाजारातली रंगीत टुटीफ्रुटी घालून तिची जागा भरून निघत नाही.

आता अंड्यांचं. आर्तुझी म्हणतात, भट्टीत किंवा दोन विस्तवांच्या मध्ये घट्ट होऊ द्या. हे वाचल्याबरोबर मला कोकणातली तवसोळी आठवली. तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, किसलेलं तवसं जाड बुडाच्या पातेल्यात घालायचं, खाली मंद निखारे, झाकणावर निखारे. धोंडसही तसंच. म्हणजे तांदळाचा भाजलेला गोड केक अंड्याशिवाय करायची वाट आपल्याकडे जुनी आहे, आणि ती स्वतःच्या पायावर उभी आहे. मग इटालियन केकमधली अंडी काढून तिथे कस्टर्ड पावडर किंवा दही कशाला कोंबायचं? अंड्यांनीच तर तो केक बनतो. वरचा तपकिरी पापुद्रा आणि आतली थरथर, दोन्ही त्यांचीच. तडजोड केली तर धड तोही नाही आणि आपलंही नाही. देवीला आपला गूळभात जाऊ दे. तुझा केक इथे आलीस की वरच्या मजल्यावरच्या ओटीजीत, वेगळ्या भांड्यांत, पूर्ण अंड्यांचा कर. तुझ्या सासूबाईंनी हरकत घेतली तर मी त्यांच्याशी बोलेन.

तसा तो केक देवापेक्षा पाहुण्यांचाच आहे. तू लिहिलंस ती बोलोन्याची अद्दोब्बीची जत्रा मला फार भावली. एकेका चर्चच्या वस्तीची पाळी दहा वर्षांनी येते, खिडक्याखिडक्यांतून कापडं सोडतात, मिरवणूक निघते, आणि ज्यांच्या दारावरून ती जाते ते घर उघडं ठेवून हा केक छोट्या वड्या करून देतात. आपल्या गल्लीतली जुनी मराठी घरं अशीच चालली. देशावरून, कोकणातून, वऱ्हाडातून यात्रेकरू यायचे, पत्ता विचारत दारात उभे राहायचे, आणि बायका आदल्या रात्रीच काहीतरी करून ठेवायच्या, कारण गाडी कधी पोचेल याचा नेम नसे. ब्रह्मा घाटाकडच्या तुझ्या आत्याकडे अजून फडताळात साखरभाताचं पातेलं असतंच. येणारा माणूस अनोळखी असेल, उशिरा येईल, भुकेला असेल, हे गृहीत धरून केलेला पदार्थ मला सगळ्यांत मोठा वाटतो. तुझा केक त्या पंक्तीत बसतो, म्हणून मी तो शिकणार आहे.

रामनवमीला सोलापूरची मंडळी उतरणार आहेत. त्यांच्यासाठी आदल्या रात्री करेन. साचा लोणी लावून पावाच्या चुऱ्याने माखायचा, तेवढं लिहिलं आहेस, पण साचा किती उंच ते नाही. भात दोन बोटं उंच असावा असा माझा अंदाज आहे. त्याहून जाड झाला तर मधे कच्चा राहील आणि कडा कोरड्या पडतील. घरमालकीणबाईंना विचारून कळव. भात त्या किती मऊ ठेवतात, म्हणजे दाणा बोटात पूर्ण चिरडतो की मधे किंचित टणक लागतो, तेही विचार. आणि दिवाळीला येशील तेव्हा महाळुंगाची पाकवलेली साल घट्ट झाकणाच्या डब्यात घेऊन ये. पावशेर पुरे.

जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
मावशी